सूज काही येईना

जगात ज्याला त्याला सूज उतरायला हवी असते. बाईंना ती चढायला हवी होती, आणि ती मेली चढत नव्हती.

बाई म्हणजे सांध्यांच्या सुजेवर औषध शोधणाऱ्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. औषध तयार होतं, उशिरा झालेल्या लेकरासारखं जपलेलं होतं. आता ते पांढऱ्या उंदरांवर तपासायचं. रीत साधी. अर्ध्या उंदरांना औषध पाजायचं, अर्ध्यांना नुसतं पाणी. मग मागच्या पंजात सूज आणणारं द्रावण टोचायचं आणि कोणाचा पंजा किती फुगला ते मोजायचं. पाणीवाल्यांचा टरारून फुगला आणि औषधवाल्यांचा कमी, तर औषध खरं. पण दोन खेपा झाल्या तरी पाणीवाल्यांचेही पंजे जसेच्या तसे. आगच लागली नाही तर बंब चांगला की वाईट, सांगणार कसं?

प्रयोगांसाठी प्राणी द्यायचे की नाही हे ठरवणारी एक समिती होती. तिने निक्षून सांगितलं की ही शेवटची खेप. समितीचं तरी काय चुकलं? जीव देवाचे, आपण नुसते उसने घेतलेले. उसनं घ्यायचं आणि हाती काहीच लागू द्यायचं नाही, हे कुठवर चालणार? या खेपेतही सूज आली नाही तर औषध कपाटात जायचं, आणि त्या कपाटातून परत आलेलं अजून कोणी पाहिलं नव्हतं.

बाईंनी आधी उंदीर पुरवणाऱ्याला फैलावर घेतलं, मग द्रावणाला, मग खोलीतल्या गार हवेला. उंदीर धरून द्यायला त्या स्वतःच असत, तरी टोचणारा मदतनीस बदलला. मग दुसराही बदलला. शेवटी, "तुम्हां कोणाला काही जमत नाही," असं म्हणून सगळंच आपल्या हातात घेतलं. पिंजरा खाड्कन उघडायचा, उंदीर शेपटीला धरून उचलायचा, टोचायचं, टाकायचा, पुढचा. कामाला वाघ होत्या बाई. अडचण एवढीच की समोर उंदीर होते.

घरीही तेच. दार आपटण्यावरून नवरा ओळखायचा की आजही पंजे सपाटच. तो म्हणायचा, तू स्वयंपाकघरात आलीस की उतू जाणारं दूधसुद्धा मुकाट्याने खाली बसतं. सासूबाईंची बोटं मात्र सकाळी मुठीत वळत नसत, इतकी सुजलेली. त्या शांतपणे म्हणाल्या, "सूनबाई, तुझ्या उंदरांना सूज मिळत नाही ना? माझी घेऊन जा. बसल्या जागी आहे, भाडंही देत नाही."

बाई हसल्या नाहीत. त्या बोटांसाठीच तर ही सगळी उस्तवार चालली होती.

खऱ्या प्रयोगाआधी चाचणी करायची ठरली. औषध नाही, काही नाही, थोड्या उंदरांना नुसतं द्रावण टोचून सूज येते का ते पाहायचं. नेमकं त्याच सकाळी, उंदरांना न आलेली सूज बाईंच्या गालाला आली. अक्कलदाढ. वरच्या ओळीतले पिंजरे कसेबसे उरकून त्या गाल धरून दातांच्या डॉक्टरकडे पळाल्या. खालची ओळ राहिली सावकाशकडे.

सावकाश हे नाव बाईंनीच ठेवलेलं. ही बाईंच्याच तोडीची शिकलेली, वयाने लहान सहकारी, पण हिचं सगळं गोगलगायीच्या गतीने. खाली वाकलं की बाईंची कंबर धरायची, म्हणून खालच्या ओळीची देखभाल पहिल्यापासून तिच्याकडेच होती.

दुसऱ्या दिवशी वरची ओळ सपाट आणि खालच्या ओळीतला प्रत्येक पंजा मटारासारखा टम्म.

बाईंना आनंद व्हायला हवा होता. त्यांचा पारा चढला. दुखऱ्या गालानेच त्यांनी सावकाशला झापलं की द्रावण दुप्पट टोचलंस, नाहीतर सुई चुकीची घेतलीस. सावकाश म्हणाली, बाटली तीच, सुई तीच, माप तेच. शेवटी आकडे तपासणारे गणिती बोलावले. हे गृहस्थ निवृत्तीला टेकलेले, त्यामुळे कोणाला भीत नसत. त्यांनी सगळी मापं पुन्हा घेतली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "बाई, या दोन ओळींत फरक एकच आहे. हात."

"म्हणजे माझ्या हातात काय विष आहे?"

"विष नाही, औषध आहे," सावकाश म्हणाली. "तुम्ही आलात की ते घाबरतात. घाबरले की काय होतं, ते तुम्हीच आम्हाला शिकवलंय."

शिकवलं होतं खरं. जीव घाबरला की त्याचं शरीर आपणच एक रस सोडतं आणि तो रस सूज दाबून टाकतो. हा धडा बाई दरवर्षी नव्या लोकांकडून तोंडपाठ करून घेत. तरी त्यांनी खात्री म्हणून लेंड्या तपासायला लावल्या. वरच्या ओळीत तो रस भरपूर निघाला. म्हणजे इतके दिवस औषध घेतलेले आणि न घेतलेले सगळेच उंदीर बाईंच्या भीतीने आधीच बरे झालेले होते. आणि सूज येत नाही म्हणून बाई जितक्या चिडत, तितकी ती आणखी दबत होती.

उरलेल्या उंदरांवरचा खरा प्रयोग सावकाशने केला. कोणत्या बाटलीत औषध आणि कोणत्या बाटलीत पाणी, ते फक्त गणितींना ठाऊक. बाईंना खोलीत मज्जाव. काचेबाहेर स्टुलावर बसून त्या पाहत आणि आतल्या आत उकळत. सावकाश पिंजऱ्यात पुठ्ठ्याची नळी ठेवायची आणि वाट पाहायची. उंदीर आपणहून नळीत शिरला तरच उचलायची. नाही शिरला तर पुढचा पिंजरा. टोचण्याआधीचे कितीतरी दिवस नुसते यातच गेले. एकदा बाईंनी काचेवर टकटक केली, तर आतून सावकाशने तोंडावर बोट ठेवलं. बाईंना! तोंडावर बोट!

पण पंजे सुजले. गणितींनी कोणाला औषध आणि कोणाला पाणी ते उघड केलं, तर औषधवाल्यांची सूज चांगली तिसऱ्या हिश्शाने कमी. सगळे हसले, बाईंनी डोळे टिपले. समितीचाही निरोप आला. उत्तम, पुढचे प्राणी देऊ. मात्र हे फळ एकाच माणसाच्या हाताचं नाही, हे दाखवा. दुसऱ्या कोणी तरी हाच प्रयोग पुन्हा करावा, आणि तोही अनुभवी माणसाने.

आधीचे दोन्ही मदतनीस बाईंनी स्वतःच घालवले होते. उरलं कोण?

तेव्हा एका सकाळी बाई कोरा कोट घालून पिंजऱ्यापुढे बसल्या. नळी आत ठेवली. आतला उंदीर कोपऱ्यात सरकला, बाईंकडे बघून निवांत तोंड पुसू लागला. बाईंच्या हाताला शेपटी स्पष्ट दिसत होती. हात शिवशिवला. त्यांनी तो मांडीखाली दाबून धरला.

"किती वेळ लागतो?" त्या दात आवळून पुटपुटल्या.

"त्यालाच विचारा," सावकाश म्हणाली, आणि बाहेर जाऊन तिने दार अगदी हळू लोटलं.

उंदराचं आता कान पुसणं सुरू झालं होतं. बाईंनी देवाचं नाव घेतलं आणि स्टूल आणखी थोडं जवळ ओढलं. आवाज न करता.