तीनशे चौदा आणि चारशे आठ

गाण्यांना गुण देण्याचं काम तसं सोपं. दर आठवड्याला शंभर गाण्यांची यादी लागते. दुकानांत काय खपलं, रेडिओवर काय किती वेळा वाजलं, फोनवर किती जणांनी ऐकलं, त्यावरून. पहिल्या गाण्याला शंभर गुण, दुसऱ्याला नव्याण्णव, असं पायरी पायरी उतरत शंभराव्याला एक. वर्षभराच्या याद्यांतले गुण मिळवायचे. ज्याची बेरीज मोठी, ते गाणं वर. फक्त एक लक्षात ठेवायचं, की या कचेरीचं वर्ष डिसेंबरात संपत नाही. वर्षाची यादी डिसेंबरात रेडिओवर वाजवायची असते, त्याआधी बेरजा, तपासणी, छपाई. म्हणून नोव्हेंबरच्या शेवटच्या यादीखाली तांबडी रेषा मारायची. रेषेच्या वरचं या वर्षाचं, खालचं पुढच्या.

ही रेषा अठरा वर्षं तीच मारत आली होती.

कचेरीत तिला सगळे ताई म्हणत. घरी दादा चिंगी म्हणत असे. आता तो म्हणत नाही, लिहितो. त्याच्या गळ्याला भोक आहे आणि त्यावर पातळ मलमलीचा रुमाल. श्वास घेतला की रुमाल आत जातो, सोडला की बाहेर येतो, जसं दार नीट न लागणाऱ्या खोलीत पडद्याचं होतं. मांडीवर पाटी, खिशात खडू. वहिनी म्हणायची, "लग्नात एवढे शब्द बोलले नव्हते, आता बघा, पाटी पुरत नाही."

दादा जन्मभर मागे उभा राहून गायला. पुढे कोणी ना कोणी मोठं माणूस, मागे सहा जण, त्या सहांतला डावीकडून दुसरा. दोनशेच्या वर गाण्यांत त्याचा आवाज आहे आणि एकावरही त्याचं नाव नाही. मग डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल, सप्टेंबरच्या पुढे जाऊ नका. तेव्हा एका जुन्या संगीतकाराने त्याला बोलावलं आणि एक गाणं दिलं. एकट्याचं. ऑगस्टात दादाने ते तापल्या गळ्याने गायलं:

*उजेड पेरीत गेली वाट, मागे उगवत नाही काही गं,*
*हाक मारीन म्हणतो तुला, नाव ओठी येत नाही गं.*

कंपनीवाले म्हणाले, गाणं सप्टेंबरातच काढू. दादा म्हणाला, बहिणीला विचारतो, ती यादीवालीच आहे.

आणि तिने हिशेब मांडला. किती हौसेने मांडला! दहा वर्षांच्या याद्या घरी आणून जमिनीवर पसरल्या, त्यांच्यात गुडघ्यांवर रांगत फिरली.

"ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा," ती म्हणाली. "मोठे गवई तेव्हा आपली गाणी अडवून धरतात, डिसेंबरसाठी. यादी मोकळी असते. नवीन माणूस सरसर वर जातो. थांब दोन महिने."

"तोवर माझा गळा जाईल की गं," दादा म्हणाला. ते त्याचं शेवटच्या काही दिवसांतलं बोलणं. "आपलं गाणं बाहेर आलं आणि आपणच मुके, हे म्हणजे लग्नाला नवरदेव गैरहजर."

"वर जायचंय ना?"

"तू म्हणशील तसं, बाई. मुहूर्त तू काढ."

तिचा हिशेब खरा ठरला. गाणं चौऱ्याऐंशीवर आलं, मग एक्कावन्न, तीस, सतरा, नऊ. मग सहा. सहावं! दवाखान्यातून परतलेला दादा दर शुक्रवारी खिडकीशी बसे आणि ती फाटकातूनच बोटांनी आकडा दाखवी. सहा बोटं दाखवली त्या दिवशी तो उठून उभा राहिला आणि ओरडला. आवाज आला नाही. नुसता रुमाल फडफडला.

पुढे आठ, पंधरा, एकोणतीस, बावन्न, अठ्ठ्याऐंशी. आणि गेलं. गाणी जातातच.

पण नवाच्या आणि सहाच्या मध्ये तांबडी रेषा होती. एका शिखराकडे टक लावून बसलेल्या तिला ती दिसलीच नव्हती. ज्या रेषेवर तिचा हात अठरा वर्षं फिरला, तीच. नऊच्या आकड्याखाली पट्टी ठेवून तिने रेषा मारली आणि मग अर्धवट वाळलेल्या शाईकडे बघत राहिली. पाच आठवडे रेषेच्या वर, तीनशे चौदा गुण. पुढचे सहा रेषेच्या खाली. वर तीनशे चौदाला कोण विचारतो? त्या वर्षीच्या शंभरात गाणं आलं नाही.

"का?" दादाने तेव्हा पाटीवर लिहिलं. गाणं त्या आठवड्यात सहावं होतं. बाहेर टॅक्सीत वाजत होतं, दुकानात वाजत होतं.

ती म्हणाली, "अरे, अजून चालू आहे ना ते. चालू गाण्याचं सगळं पुढच्या वर्षी धरतात."

एवढंच. ताटातली माशी हाकलावी तसं एक वाक्य. पण दादाने ते धरून ठेवलं आणि त्यावर वर्ष काढलं.

घरात तो स्वतःचं गाणं लावू देत नसे. वहिनीने एकदा लावलं तर त्याने उठून बंद केलं आणि लिहिलं: "आपलं आपण लावलं तर ते गाणं नाही, आरसा. दुसऱ्याने लावायला हवं." आठवड्याच्या याद्या रद्दीत जातात. वर्षाच्या यादीतली शंभर गाणी मात्र दरवर्षी एका दिवसात, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, पूर्ण वाजवतात. गायकाचं नाव घेऊन वाजवतात. ते नाव त्याला ऐकायचं होतं. डावीकडून दुसरा, त्याचं नाव.

वर्ष फिरून नोव्हेंबर आला. रेषा मारून झाली. बेरजांच्या तक्त्यात दादाच्या गाण्यापुढे चारशे आठ आले. शंभराव्या गाण्याचे सहाशे एक्क्याण्णव होते. तिने कितीतरी वेळ तो तक्ता पाहिला. दोन्ही तुकडे मिळवले तर सातशे बावीस. सत्त्याण्णवावं. दुपारची वेळ होती, कचेरी जेवायला गेली होती, पंखा घरघरत होता. तिने चारशे आठ खोडून सातशे बावीस टाकले.

तपासनीस काका प्रत्येक बेरीज हाताने पुन्हा करत. यंत्रावर विश्वास नाही, माणसांवर तर त्याहून नाही, असं म्हणत. दोन दिवसांनी ते तक्ता घेऊन तिच्या टेबलाशी आले आणि खुर्ची ओढून बसले.

"ताई, हे सत्त्याण्णवावं."

"हं."

"मी तीनदा मोजलं. चारशे आठच येतात. म्हटलं, म्हातारा झालो, बोटं कमी पडायला लागली." ते हसले नाहीत. "मग मागच्या वर्षीचा तक्ता काढला. तिथे तीनशे चौदा सापडले. तुमच्याकडून चूक व्हायची नाही, एवढं मला माहीत आहे. म्हणून विचारतो. घरचं आहे का?"

तिने मान डोलावली.

"माझी मुलगी असती तर मीही केलं असतं," काका म्हणाले. "आणि तुम्ही पकडलं असतं. शंभरावर जे गाणं होतं ना, ते तुमच्या या बेरजेने बाहेर पडलंय. कुणाचं आहे कोण जाणे. पण कुणाचं तरी आहेच की."

"काका, त्याला आवाज नाही हो आता."

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग पेन्सिलीने सातशे बावीसवर आडवी काट मारली, बाजूला चारशे आठ लिहिले आणि आपली सही केली, तिला करायला लावली नाही. "साहेबांना काही कळायचं नाही," ते उठताना म्हणाले. तिला वाटलं, ओरडले असते तर बरं झालं असतं.

यादी वाजायच्या दिवशी दादाने इस्त्रीचा शर्ट घातला. रुमालही नवा, पांढरा. वहिनीने रेडिओ खिडकीतून उचलून टेबलावर आणला. बहीण सकाळी दहाच्या आधी पोहोचली, सांगायचंच असं ठरवून. जिन्यात शब्द तयार होते. दारात दादाने पाटी वर धरली: "कितवं ते सांगायचं नाही हं!!"

"दादा, ऐक—"

त्याने कानांवर हात ठेवले. इतका हसला की रुमाल नाचला.

शंभरावं वाजलं. एक कोवळी मुलगी गात होती, अगदी साधं, आवाज थोडा कापणारा. नव्याण्णव. अठ्ठ्याण्णव. सत्त्याण्णव. तिने नखं तळव्यात रुतवली. शहाण्णव.

नव्वद ओलांडलं तेव्हा दादाने लिहिलं: "वाचलो. तळात नाही."

यादी खालून वर वाजत जाते. तिने शेकडो वेळा ऐकलं होतं ते, पण असं कधी ऐकलं नव्हतं. गाणं न येणं म्हणजे गाणं आणखी वर असणं. एकेक परक्याचं नाव घेतलं जाई आणि दादा खुर्चीत एकेक बोट उंच होई. ऐंशी. सत्तर. वहिनीने तिला स्वयंपाकघरात ओढलं.

"वन्सं, मला तरी सांगा. पन्नासाच्या आत आहे का? नाही, म्हणजे शेजारच्यांना बोलवायचं तर आत्ताच बोलवते."

"नका बोलवू, वहिनी."

वहिनीने तिच्याकडे पाहिलं. हातातली पळी तशीच राहिली. मग तिने गॅस बारीक केला आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "आता त्यांना जेवू दे आधी."

जेवणं झाली. पन्नास झालं. तिने दादाच्या पायांशी जमिनीवर बसून सांगितलं, "दादा, तुझं गाणं यादीत नाही."

त्याने तिच्या डोक्यावर टपली मारली. लिहिलं: "लहानपणीही पत्त्यांत अशीच फसवायचीस. तोंड पाडून."

"खरंच नाही रे."

"गुपित राखायची नोकरी आहे, कळतं मला," त्याने लिहिलं आणि रेडिओचा आवाज वाढवला.

काय करावं माणसाने? विझलेल्या चुलीवर कोणी हात शेकत बसलं, तर त्याचे हात ओढून घ्यावेत की नाही? ती बसून राहिली. चाळीस, तीस, वीस. खिडकीतलं ऊन जमिनीवरून भिंतीवर चढलं. दहाला दादाने वहिनीला हात धरून शेजारी बसवलं. सहाव्याला त्याने श्वास रोखला, रुमाल हलेना. दुसऱ्याच कोणाचं नाव आलं. तो किंचित मान हलवून मनात म्हणाला असावा, हां, अजून वर.

तीन. दोन.

पहिलं गाणं लागलं तेव्हा त्याने ते पूर्ण ऐकलं. वर्षभर गल्लोगल्ली वाजलेलं, सगळ्यांना पाठ. मग निवेदिकेने सर्वांचे आभार मानले आणि बातम्या लागल्या. कोणी रेडिओ बंद केला नाही. बऱ्याच वेळाने दादाने पाटी बहिणीच्या मांडीवर ठेवली आणि खडू दिला.

तिने लिहिलं. सतरा, पन्नास, एक्काहत्तर, चौऱ्याऐंशी, ब्याण्णव. त्याखाली आडवी रेषा मारली. रेषेखाली पंच्याण्णव, त्र्याण्णव, शहाऐंशी, बहात्तर, एकोणपन्नास, तेरा. वरची बेरीज, खालची बेरीज. बाजूला शंभराव्याचे सहाशे एक्क्याण्णव. तिने सगळं समजावून सांगितलं, कचेरीत नव्या माणसाला सांगतात तसं, क्रमाने. पाच आठवडे उशिरा आलं असतं तरी सगळंच्या सगळं एका बाजूला पडलं असतं, हेही सांगितलं. मागच्या वर्षी आपण खोटं बोललो, हेही. गळा गेल्यावर एक आशा तरी राहू दे असं वाटलं, हे सांगायला गेली, पण ते तिलाच खरं वाटेना.

दादाने दोन्ही बेरजा बोटाने मिळवल्या. हातचा एक त्याने अंगठ्यावर धरला. ओठ हलले: सातशे बावीस. त्याने सहाशे एक्क्याण्णवाकडे पाहिलं, पुन्हा आपल्या आकड्याकडे. तेवढ्यापुरता त्याचा चेहरा उजळला, जसं कोणी हाक मारल्यावर माणूस वळून बघतो. मग बोट परत रेषेवर आलं आणि तिथेच थांबलं.

"आठवडा मी सांगितला होता," ती म्हणाली. "तुला सप्टेंबरात काढायचं होतं. मी थांबवलं. दादा, काहीतरी लिही. शिवी लिही."

तिने खडू त्याच्यापुढे धरला. त्याने तो घेतला नाही. रुमाल आत जात होता, बाहेर येत होता. रेडिओवर हवामान सांगत होते. वहिनी उठली, दिवा लावला, आणि दादाच्या इस्त्रीच्या शर्टाच्या वरच्या दोन गुंड्या सोडल्या, त्याला गुदमरू नये म्हणून. तो तिच्याकडेही पाहत नव्हता. बहीण जमिनीवर बसून होती, हात पुढे केलेला, आणि खडू बोटांत घामाने मऊ होत चालला होता.