थव्याच्या मधोमध

कोयता जेलीफिशच्या छत्रीतून आरपार गेला आणि डेकच्या फळीत रुतला. तिने पाय रोवून तो उपटला आणि पुन्हा हाणला. पहिल्या खेपेला जाळ्यातून आलेला ढीग गुडघाभर उंच होता. रक्त नाही, आवाज नाही, नुसतं पाणी आणि बुळबुळीत चिंध्या. मारल्याचं समाधानसुद्धा ही जात देत नव्हती. उडालेले तंतू मनगटाला डसून चाबकाचे वळ उठावेत तसे लाल पट्टे उमटले होते.

"पोरी, पुरे झालं," काका म्हणाले.

"जिवंत आहेत अजून."

"जिवंत काय, मेलेलं काय, सारखंच दिसतं. माझी बायको माझ्याबद्दल हेच म्हणते," इंजिनाच्या खोलीतून डोकं वर काढून मंत्री म्हणाला. अंगमेहनतीचं काम निघालं की त्याला नेमकं दुसरीकडे काहीतरी महत्त्वाचं असायचं, म्हणून धक्क्यावर सगळे त्याला मंत्री म्हणत.

कुणी हसलं नाही. तो पुन्हा खाली गेला.

गेल्या मोसमात असाच थवा जाळ्यात भरला होता आणि ते जाळं तिच्या बाबांना घेऊन गेलं. देह मिळाला नाही. काकांनी दारात उभं राहून एवढंच सांगितलं होतं, "जाळ्यानं नेलं दादाला." उरलेलं धक्क्यावरच्या लोकांनी भरलं. म्हाताऱ्याला जाळं सोडवेना, जीव सोडला. तिनेही तेच खरं मानलं. वर्षभर ती बाबांवर मनातल्या मनात चिडत आली होती, आणि त्यांच्यावर उघड चिडता येत नाही म्हणून या जेलीफिशवर. बोट आता तिच्या नावावर होती. आज ती मासे धरायला आली नव्हती.

"पुढची खेप मधोमध टाका."

काकांनी पाण्याकडे पाहिलं. खाली, नजर जाईल तिथवर, फिकट छत्र्या उघडत होत्या, मिटत होत्या.

"दादा मधोमध कधी टाकायचा नाही. कडेकडेनं टाकायचा. या छत्र्यांखाली बारकी पिल्लं दडतात. तंतू डसतात म्हणून मोठ्या माशाला आत तोंड घालता येत नाही. तो कडेला घिरट्या घालतो, तेवढाच आपला. मध्ये बालवाडी आहे म्हणायचा तो."

"मग त्या बालवाडीनंच त्यांना कसं नेलं?"

"प्रवाह फिरला, थवा जाळ्यावर आला. या छत्र्यांनी काही ठरवून केलं नाही."

"बोट कुणाची आहे, काका?"

असं ती त्यांच्याशी कधी बोलली नव्हती. काकांनी मान खाली घातली आणि मधोमध जाळं सोडलं.

ते भरायला वेळ लागला नाही. जाळं ओढणारा विंच कण्हू लागला, दोर तारेसारखा ताठ झाला, बोटीचा मागचा काठ पाण्याला टेकला. ढीग घसरत येऊन तिच्या पिंढऱ्यांवर आदळला. पाणी आत आलं. विंचचा दात मोडला आणि दोर तिथेच अडकला. पुढे येईना, मागे जाईना.

"सोडा ना ते!"

"सुटत नाही!" काका विंचवर लाथा घालत होते. बोट आणखी कलली. खालून मंत्री ओरडत वर आला. तो कमरेपर्यंत भिजला होता.

तिने कोयता उचलला, दोराच्या बाजूला उभी राहिली आणि हात वर नेला.

फटका तिच्या कानशिलावर बसला. काकांनी तिला मारलं होतं, पूर्ण ताकदीने. ती केबिनच्या भिंतीवर आपटून खाली कोसळली. उठायला गेली तर त्यांनी पाठीत पाय देऊन तिला पुन्हा दाबलं. "आडवा हो रे!" ते मंत्र्यावर खेकसले. मग स्वतः पालथे पडले, फळीखालून लांबलचक बांबू ओढला. टोकाला सुरी बांधलेली होती. पडल्या पडल्या हात लांब करून ते दोर कापू लागले.

एक पेड तुटला. दुसरा तुटला. मग तोफ उडाल्यासारखा आवाज झाला, दोर उलटा फिरला, ती उभी होती तिथल्या हवेतून गेला आणि केबिनची काच चौकटीसकट घेऊन गेला.

बोट हिसका खाऊन सरळ झाली.

मागे जाळं उलगडत बुडत होतं. छत्र्यांच्या चिंधड्या झाल्या होत्या आणि त्यांच्याखालून नखाएवढी चंदेरी पिल्लं उघड्यावर सांडत होती. कडेला घिरट्या घालणारे मासे एकदम आत घुसले. पाणी उकळल्यासारखं फुटत राहिलं, आणि मग थांबलं.

"उरलंसुरलं तळाला," मंत्री धापा टाकत म्हणाला. "खेकड्यांची आज चंगळ..." तिच्याकडे लक्ष जाताच त्याने जीभ चावली.

तिच्या कानातून रक्त येत होतं. ती बांबूकडे बघत होती. बांधणीची सुतळी घट्ट, एकावर एक आवळलेली होती.

"हे आधी नव्हतं बोटीवर."

"नव्हतं. दादा गेल्यावर बांधलं."

"बाबांनी..." तिने सुतळीवरून बोट फिरवलं. "बाबांनी दोर कापला होता?"

"उभ्यानं. दुसरा उपाय नव्हता." काका तिच्याकडे न बघता बोलत होते. "आम्हाला म्हणाला, आडवे व्हा. आम्ही झालो."

मंत्री तोंड फिरवून पाणी उपसायला लागला, कुणी न सांगता.

"घरी का नाही सांगितलंत?"

"सांगायला आलो होतो," काका म्हणाले. "तुम्ही कुणी विचारलंच नाही."

मग त्यांनी तिचं मनगट ओढून मांडीवर घेतलं आणि ते त्यावर समुद्राचं पाणी ओतत, सुरीच्या पाठीने, एकेक तंतू खरवडून काढू लागले. झोंबत होतं. तिने हात मागे घेतला नाही.