सहावा गणवेश

पोलिसांच्या बढत्यांची यादी कचेरीत लागायच्या आधी माझ्या दुकानात लागायची. मी पोलिसांचा शिंपी. कानावर जरा काही आलं, की हवालदार छाती फुगवून फौजदाराच्या गणवेशाचं माप द्यायला हजर. हुकमाचा पत्ता नाही, पण स्वारी आरशासमोर उभी राहून तारा कुठे बसेल ते बोटाने दाखवणार. चाळीस वर्षांपूर्वीची ही गोष्ट. हल्लीचं त्यांचं त्यांना माहीत.

त्या वर्षी सहा जागा होत्या आणि सहा जणांनी मापं दिली. सहावा किडक्या. या गृहस्थाने आख्ख्या नोकरीत पकडलेली एकच गोष्ट म्हणजे साहेबांच्या बायकोची छत्री.

माझा थोरला भाऊ मात्र दुकानाकडे फिरकला नाही. बावीस वर्षं हवालदार, गोदाम फोडणाऱ्या चौघांना एकट्याने धरून आणलेला माणूस. पुढच्या महिन्यात त्याचं बढतीचं वय संपत होतं. यंदा नाही तर कधीच नाही.

"दादा, माप तरी दे," मी म्हटलं.

"हुकूम हातात पडल्याशिवाय नाही. न मिळालेल्या हुद्द्याचे कपडे अंगाला लावायचे म्हणजे चोरीच की."

त्याच्या या सरळपणाचा मला तेव्हाही संताप यायचा.

सोहळ्याच्या दिवशी अकराला यादी लागली. सहावं नाव दादाचं. किडक्याचं कुठेच नव्हतं. सोहळा चारला होता. मी दुकान बंद करून मशीनवर बसलो. दादाचं माप मला तोंडपाठ होतं. शेवटचं बटण लावलं आणि गणवेश हातावर टाकून मैदानाकडे पळत सुटलो.

मैदानावर सहा जण आधीच रांगेत उभे होते. सहावा किडक्या, माझ्याच हातच्या कपड्यांत. दादा जुन्या गणवेशात फाटकावर पहाऱ्याला. मी कचेरीतल्या कारकुनाला गाठलं.

"फौजदाराच्या गणवेशातले सहा हवे होते, सहा भरले," तो म्हणाला. "पाहुणे बसलेत, फोटोवाला आलाय. आता रांगेतून माणूस ओढून काढायचा का?"

साहेबांनी सहा जणांना तारे लावले. संध्याकाळी यादी पुन्हा टाइप झाली. रांग चुकली होती, म्हणून यादी दुरुस्त केली. अकलेचे कांदे सगळे. किडक्या फाटकातून बाहेर पडला तेव्हा दादाने टाचा जुळवून त्याला सलाम ठोकला.

दुसऱ्या दिवशी दादा दुकानात आला.

"तो गणवेश आहे ना? त्या सहाव्या फौजदारांना दुसरा जोड हवाय. त्यांच्या मापाचा करून दे, साहेबांनी सांगितलंय."

"आणि तू हा निरोप घेऊन आलास?"

"हुकूम आहे."

थोरला भाऊ, पण त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. किडक्याचा आला नव्हता इतका राग मला दादाचा आला. मी कात्री घेतली आणि गणवेश टेबलावर पसरला.

तो जायला वळला, पण उंबऱ्याशी थांबला.

"उसवायच्या आधी एकदा घालून बघू?"

मी दार लावून घेतलं. बटणं मीच लावली. खांद्यावर एक सुरकुती नव्हती. तो आरशासमोर बराच वेळ उभा राहिला.

"बरोबर बसलाय," तो म्हणाला. मग त्याने गणवेश काढला, नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिला.