न धुतलेली काडी

चिमट्यात धरलेली ऑलिव्हची काडी तिने आधी स्पिरिटमध्ये बुडवली, मग ब्लीचमध्ये, मग स्वच्छ पाण्यात. बाहेरचं सगळं धुऊन काढायचं, हा तिच्या कामाचा पहिला धडा. साल निर्जंतुक झाली की काडीचे तुकडे करून काचेच्या बशीतल्या पोषक जेलीवर ठेवायचे आणि वाट बघायची. मग झाडाच्या पोटात बिनबोभाट राहणाऱ्या, रोगराईत त्याच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या बुरश्या हळूहळू बाहेर येतात.

"झाडाच्या पोटात बुरशी, आणि ती म्हणे गुणाची," बाबा फोनवर हसायचे. "इथे पावावर आली तर तुझी आई अख्खा पाव फेकून देते."

हसले तरी काड्या पाठवल्या होत्या त्यांनी. बागेतल्या सगळ्यात जुन्या झाडाच्या, ओल्या फडक्यात गुंडाळून. पार्सल आलं तेव्हा तिला केवढं हायसं वाटलं होतं. त्यांचा आवाज हल्ली खोल गेल्यासारखा यायचा, पण शिडीवर चढून फांदी कापणारा माणूस ठणठणीतच असणार. घरी जायचा बेत तिने पुढे ढकलला आणि पार्सल फ्रिजमध्ये ठेवलं. त्याच आठवड्यात बाबा गेले. ती पोचली ती सगळं उरकल्यावर.

आता शेवटची काडी उरली होती. तिच्या सालीवर वाळलेल्या मातीचा डाग होता, अंगठ्याएवढा, रेषांसकट. तिने ती स्पिरिटवर धरली, पण हात खाली जाईना. बाबांचं एवढंच उरलं होतं, आणि तेही धुवायचं? शेवटी ती काडी तिने तशीच एका बशीतल्या जेलीवर दाबली आणि झाकण लावलं. नवशिक्यानेही केली नसती अशी चूक तिने जाणूनबुजून केली.

काही दिवसांत बश्यांमध्ये बुरश्या उगवल्या. एकीत कापसासारखी पांढरी बुरशी, दुसरीत काळी मखमल, तिसरीत फिकट गुलाबी. एका फांदीत एवढं गोकुळ नांदत असेल असं कोणाला वाटलं नव्हतं. विभागाचे सर खूश झाले. शेवटच्या बशीपाशी मात्र ते थबकले. तिच्यात अंगठ्याच्या आकाराचा पिवळट, चिकट थर आला होता.

"हिला कोणाचा तरी हात लागलाय. फेकून द्या."

"हो सर," ती म्हणाली आणि बशी आपल्या खणात ठेवली.

दुपारी तिने धाकट्या भावाला फोन लावला. कोणाला तरी सांगितल्याशिवाय तिला राहवत नव्हतं.

"बाबांच्या अंगठ्याचा ठसा आहे माझ्याकडे. काडीवर होता."



"ताई, काड्या मी कापल्या."

ती खुर्चीवर बसली.

"त्यांना उठवत नव्हतं गं. कधीपासून अंथरुणातच होते. तिला सांगू नकोस म्हणाले, हातातलं टाकून धावत येईल. तू आलीस तेव्हाही कोणाला सांगवलं नाही. मी सांगायला हवं होतं."

तिला राग आला. त्याचा आला, बाबांचा आला, आणि सगळ्यात जास्त पार्सल बघून निर्धास्त झालेल्या स्वतःचा.

"मग त्या जुन्या झाडाच्याच का?" तिने कसंबसं विचारलं.

"मी म्हटलं, दारातल्या झाडाच्या तोडतो, शिडी कशाला. तर ऐकेनात. खिडकीतून बोट करून दाखवलं. म्हणाले, तिच्या झोपाळ्याची फांदी काप."

ती समोरच्या बश्यांकडे बघत राहिली. पांढरी, काळी, गुलाबी.

"मी बागेत माती खणत होतो, तसाच चढलो," भाऊ म्हणाला. "घाईत हातही धुतले नव्हते. काम बिघडलं का तुझं?"

"नाही रे. सगळं छान उगवलंय."

फोन कानाशी तसाच धरून तिने खण उघडला, त्याच्या अंगठ्याची बशी काढली आणि झोपाळ्याच्या फांदीतून आलेल्या बश्यांच्या रांगेत ठेवली.