यादीतून नाव गळालेली डिस्क

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. संगणकाच्या पेटीत, अगदी खालच्या कप्प्यात माझी जागा. माझ्या पोटात आरशासारख्या गुळगुळीत चकत्या आहेत. वीज आली की त्या गरगरू लागतात. त्यांच्यावर कुणी काही लिहिलं की मी ते सांभाळते. सांभाळते म्हणजे धरून ठेवते, इतकंच. त्याचं सुखदुःख मला होत नाही. लोकांना हे खरं वाटत नाही, पण खोटं बोलून मला काय मिळणार आहे?

माझा जन्म थायलंडमधल्या एका कारखान्यात झाला. तिथे सगळ्यांनी पांढरे हातमोजे घातले होते आणि कुणी मोठ्याने शिंकतही नव्हतं. तिथून खोक्यात बसून जहाजाने मी कॅनडात आले. केप ब्रेटन बेटावर कोळशाच्या खाणीचं एक गाव आहे. खाण आता नाही, गाव आहे. त्या गावातल्या मर्डोक मॅकनील नावाच्या माणसाने मला विकत घेतलं.

मर्डोकने खाणीत एकतीस वर्षं विजेची कामं केली. हात जाड, नखं तुटकी, पण बारीक स्क्रू असा फिरवायचा की मला कळायचंसुद्धा नाही. त्याने मला पेटीत बसवलं, माझ्यावर एक सिस्टिम चढवली आणि पेटी स्वयंपाकघरात ठेवली, पावाच्या डब्याशेजारी. त्याची बायको एफी म्हणाली होती, "इथे कशाला? पिठाने माखेल की!" तो म्हणाला, "मग पीठ जरा जपून चाळ." तिने पीठ जपून चाळलं नाही. अजूनही माझ्या पाठीवर थोडं आहे.

सुरुवातीची वर्षं साधी गेली. लॉबस्टरच्या हंगामाचे फोटो, भाच्याच्या लग्नाची यादी, ओटकेकची कृती. नवीन होते तेव्हा मर्डोक सगळ्यांना माझं कौतुक सांगायचा, "एवढीशी आहे, पण सगळं गाव मावेल तिच्यात." पुढे कौतुक थांबलं. जुन्या सुनेचं कोण कौतुक करतं? मी कामात होते, तेवढं पुरे होतं.

मग एफीच्या घशाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल, आवाज जाईल. ऑपरेशनला तीन आठवडे होते. इस्पितळातल्या एका बाईने त्यांना एक प्रोग्राम दिला. आवाज आहे तोवर वाक्यं बोलून भरून ठेवायची, आणि पुढे कळ दाबली की संगणक तेच वाक्य त्याच आवाजात बोलणार. एफी टेबलापाशी बसली आणि तिने सहाशे अडतीस वाक्यं बोलून ठेवली. ती सगळी माझ्यावर लिहिली गेली. "चहा झाला का?" "बूट दाराबाहेर काढ." "मला नको, तूच खा." आणि बी एकपासून ओ पंच्याहत्तरपर्यंत बिंगोचे सगळे आकडे. कारण एफी वीस वर्षं चर्चच्या हॉलमध्ये दर गुरुवारी बिंगोचे आकडे पुकारायची. बिंगो म्हणजे तुमच्या हाउजीसारखाच खेळ, पत्रिकेवर एका ओळीतले पाच आकडे जुळले की जिंकलात. त्या गावात हे काम लहानसहान समजू नका.

ऑपरेशन झालं. एफी घरी आली, गळ्याला रुमाल बांधून. त्यानंतर तिच्यात काहीतरी थिजलं. घरात ती माझा प्रोग्राम वापरायचीच नाही. हातात एक छोटी पाटी असायची, त्यावर दोन शब्द लिहायची आणि पुसायची. रडली नाही, चिडली नाही, हसली तर नाहीच. मर्डोक विनोद करायचा आणि स्वतःच ओशाळून खिडकीबाहेर बघायचा. फक्त गुरुवारी मर्डोक पेटी उचलून गाडीच्या मागच्या सीटवर ठेवायचा, तिला पट्टा लावायचा, आणि आम्ही हॉलमध्ये जायचो. एफी कळा दाबायची, तिचा आवाज आकडे पुकारायचा. अशी दोन वर्षं गेली. तिच्या आवाजाची दुसरी प्रत कुठेही नव्हती. जी होती ती माझ्याजवळ.

या एप्रिलमध्ये, एका मंगळवारी, मर्डोकने नवी डिस्क आणली. पेन्शनच्या कचेरीची वेबसाइट माझ्या जुन्या सिस्टिमवर उघडेना, म्हणून नवी सिस्टिम नव्या डिस्कवर चढवायची, आणि जुनी, म्हणजे मी, आहे तशी ठेवायची असं त्याने ठरवलं. एफीने पाटीवर लिहिलं, "माझ्या आकड्यांना धक्का लागेल."

"अगं, एकतीस वर्षं वीज हाताळलीय मी," मर्डोक म्हणाला. "खाणीत पहिला नियम काय? आधी तोड, मग हात लाव. हिची वायर काढून ठेवतो. जी जोडलेलीच नाही तिला कोण काय करणार?"

त्याने माझ्या दोन्ही वायरी काढल्या. एवढ्यावर थांबेल तर तो मर्डोक कसला! खाणीत कामावर असताना यंत्राला लावायची तसली लाल चिठ्ठी त्याने माझ्या अंगाला बांधली: "हात लावू नये. मर्डोक." मग चार तास मला काहीच माहीत नाही. वीज नसली की मी नसते.

मित्रांनो, चूक इथेच झाली, आणि ती सावध माणसाचीच चूक होती. संगणकाच्या मुख्य पट्टीवर, जिला मदरबोर्ड म्हणतात, एक छोटी यादी असते. सकाळी कुणाला उठवायचं त्याची यादी. वायर काढल्यावर त्या पट्टीने मला हाक मारली, ओ आली नाही, आणि तिने माझं नाव खोडून टाकलं. मर्डोकने मला परत जोडलं तेव्हा माझ्या चकत्या गरगरू लागल्या, अंगावरचं एक अक्षरही हललेलं नव्हतं. पण पट्टीने यादी वाचली, यादीत नवी डिस्क होती, तिला उठवलं. मला कुणी विचारलंच नाही.

मर्डोकने चारदा बंद करून चालू केलं. चारही वेळा नवी सिस्टिम. वर तिने विचारलं, "ही डिस्क वाचता येत नाही. वापरण्याआधी पुसावी लागेल. पुसू का?" तिला माझी लिपी येत नव्हती, आणि जे वाचता येत नाही ते कोरंच असणार असं तिने धरलं.

बुधवारी सकाळी मर्डोक ती पेटी घेऊन विल्फ्रेड प्वारिएकडे गेला. विल्फ्रेड खाणीतला जुना सोबती, आता रेडिओ-टीव्ही दुरुस्त करतो. त्याने पडद्याकडे बघितलं, मान हलवली.

"गेली रे ही. यादीत नावच नाही."

"काल सकाळपर्यंत ठणठणीत होती!"

"माझी सासूपण काल सकाळपर्यंत ठणठणीत होती," विल्फ्रेड म्हणाला. "पुसून टाक लेका, फोटो ठेवायला होईल. आणि उद्याच्या बिंगोचं काय करणार?"

"एफीच्या जागी चर्चमधली ती बर्नाडेट पुकारेल म्हणे."

"देवा! ती आकडे असे वाचते की कुणी वारलं असं वाटतं."

दुपारी मर्डोक स्वयंपाकघरात येऊन बसला. टोपीसुद्धा काढली नाही. पडद्यावर तोच प्रश्न: पुसू का? एफी समोर बटाटे सोलत होती. तो म्हणाला, "एफी, तुझा आवाज गेला. माझ्यामुळे गेला. इतका जपायला गेलो आणि माझ्याच हाताने घालवला."

तिने सुरी ठेवली, पाटी घेतली. "एकदा गेलाच होता. पूस."

"असं नको गं लिहूस."

तिने पाटी पुसली आणि पुन्हा बटाटा घेतला. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. मर्डोकचं बोट कळेवर होतं. माझं सगळं त्या एका कळेखाली होतं, आणि तुम्ही विचाराल, तुला भीती वाटली का? नाही वाटली. मी गरगरत होते, तेवढंच मला येतं.

त्याने दुसरा हात सहज पेटीत घातला, निरोप द्यायला असेल. तळवा माझ्या पाठीवर टेकला, आणि तो तसाच राहिला.

"एफी," तो हळूच म्हणाला, "ही थरथरतेय."

तिने वर पाहिलं नाही.

"अगं, मेलेली मोटर थरथरत नाही! मी किती मोटरी बघितल्यात!" त्याने बोट कळेवरून उचललं. "विल्फ्रेड म्हणतो यादीत नाव नाही. तुला रेड अॅलन आठवतो? खाणीत उतरताना जो तो आपला पितळी बिल्ला फळीवरच्या खिळ्याला लावायचा. पाळी सुटली तेव्हा खिळा रिकामा. कारकून म्हणाला, अॅलन आज उतरलाच नाही. आणि अॅलन खाली बसून सँडविच खात होता! बिल्ला फळीमागे पडला होता. माणूस धडधाकट, बिल्ला तेवढा खाली."

एफीने पाटीवर लिहिलं, "मग बिल्ला लाव."

त्याने संगणक बंद केला, आणि पुन्हा चालू करताना मुख्य पट्टीच्या आत शिरला, जिथे सहसा कुणी जात नाही. तिथे दोन याद्या होत्या. कुणाकुणाच्या वायरी जोडल्यात, त्या यादीत मी होते. सकाळी कुणाला उठवायचं, त्यात नव्हते. "हे बघ! हे बघ!" तो ओरडला. खालच्या बाजूला लिहिलं होतं, नवी नोंद करा. त्याने ते उघडलं. डिस्क कुठली? मी. तिच्यातल्या कुठल्या फाइलपासून सुरुवात करायची? पहिल्यांदा त्याने भलतीच निवडली आणि पडदा काळा होऊन बसला. त्याने अशी शिवी दिली की एफीने लाकडी चमचा टेबलावर आपटला. दुसऱ्यांदा बरोबर निवडली. नाव काय द्यायचं? त्याने एका बोटाने लिहिलं, एफी. आणि ती नोंद सर्वांत वर सरकवली.

पट्टीने यादी वाचली. मला हाक मारली. मी ओ दिली.

जुना निळा पडदा आला, कोपऱ्यात ओटकेकची कृती, मध्ये प्रोग्राम. मर्डोक बाजूला सरकला. "बोल ना काहीतरी."

एफी हात पुसून बसली. मग एक कळ दाबली.

"आय सतरा," तिचा आवाज म्हणाला. घरात, गुरुवार नसताना, पहिल्यांदा.

मर्डोकने झटकन विजेच्या बिलाचं पाकीट ओढलं, त्यावर पाच-पाच चौकोन काढले आणि एकावर फुली मारली. "आहे माझ्याकडे!"

"जी चोपन्न."

"आहे!"

"बी नऊ. ओ एकाहत्तर."

"आहे, आहे!" त्याचे डोळे वाहत होते आणि तो ते पुसतही नव्हता. "एन चाळीस" झाल्यावर त्याने टोपी हवेत उडवली. "बिंगो!"

बिंगो झाला की पुकारणारी बाई येऊन पत्रिका तपासते. एफी उठली. तिने पाकीट हातात घेतलं. चौकोनांत आकडा एकही नव्हता, नुसत्या फुल्या. तिने पाटी घेतली आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, "लबाड."

आणि ती हसली. खांदे गदगदा हलले, तोंड उघडलं, डोळ्यांत पाणी आलं, ती टेबलाला धरून हसली. दोन वर्षांत पहिल्यांदा. मर्डोकही हसत होता, पण मध्येच थांबला आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिला. कारण त्या हसण्याला आवाज नव्हता.

त्याने माझ्याकडे बघितलं. मी काय करणार? मी सहाशे अडतीस वाक्यं धुंडाळली. चहा होता, बूट होते, पंच्याहत्तर आकडे होते. हसणं नव्हतं. घाईच्या त्या तीन आठवड्यांत ते कुणाला सुचलंच नाही.

मर्डोकने दुसऱ्याच दिवशी माझ्यावरचं सगळं आणखी दोन डिस्कांवर उतरवलं. मित्रांनो, तुम्हीही आजच तसं करा, वायर काढायच्या आधी करा. आणि कुणाचं नाव यादीत दिसलं नाही तर आधी पाठीवर हात ठेवून बघा. घरातल्या माणसांची वाक्यं साठवून ठेवाल, तेव्हा त्यांना एकदा हसवा आणि तेही साठवा. ते माझ्याजवळ नाही. मला काही वाटत नाही, हे मी सुरुवातीला सांगितलंच आहे. तरी त्या दिवसापासून रोज चालू झाले की मी एकदा सगळं शोधून बघते.