अठरा माणसांची कार्डं

इंडोनेशियातल्या रियाऊच्या तेलक्षेत्रात टाक्या रंगवणाऱ्या टोळीत अठरा माणसं होती. कंपनीचा नियम असा, की कंत्राटदाराच्या प्रत्येक माणसाने रोज एक कार्ड भरायचं: कोणता धोका दिसला आणि त्याचं काय केलं. कार्डं कमी पडली तर कंत्राटदाराचे गुण कमी, आणि गुण घसरले की पुढच्या वर्षी काम दुसऱ्याला.

दिवसभर उन्हात ब्रश चालवणाऱ्यांना पेन धरायचा कंटाळा. त्यामुळे टोळीचा सेफ्टी ऑफिसर साफ्रिझाल जेवणाच्या सुट्टीत केळीच्या पानातला भात भराभर संपवायचा आणि अठराही कार्डं स्वतःच लिहून काढायचा. त्याच्याकडे तीन रंगांची पेनं होती. टोळीतल्या पोल्ताकचं अक्षर तो तिरकं काढायचा, जुमादीचं बारीक. 'शिडीखाली नळी पडली होती, उचलली.' 'एकाने हातमोजे घातले नव्हते, समज दिली.' आणि शेवटच्या रकान्यात दरवेळी एकच शब्द: बंद. म्हणजे धोका जागच्या जागी मिटला. उघडं राहिलेलं कार्ड कोणालाच नको असे. मग तपासणी आली, काम थांबणं आलं.

तसा तो कामात ढिला नव्हता. कोणाच्या हेल्मेटचा पट्टा सैल दिसला तर स्वतः जाऊन आवळायचा. कार्डं हा कागदाचा मामला आहे, अशी त्याने मनाची समजूत घातली होती, एवढंच.

गेल्या आठवड्यात मुकादम तिगोर स्वतः लिहिलेलं कार्ड घेऊन आला. असं आठ महिन्यांत पहिल्यांदाच घडत होतं. टोळी साफ्रिझालला बापाक, म्हणजे साहेब, म्हणायची; तो मुकादमाला बांग, म्हणजे दादा.

"बापाक, सात नंबरच्या टाकीचं छत पायाखाली दबतं. झाकणाच्या उत्तरेला. मोजमाप घ्यायला चढलो होतो, तेव्हा कळलं."

"बांग तिगोर, तुझ्या वजनाने रस्ता दबेल," साफ्रिझाल म्हणाला.

आजूबाजूचे हसले. तिगोरही हसला. "हसा. पण त्या जागेभोवती दोरी बांधून घ्या तेवढी."

साफ्रिझालने ते कार्ड इतर सतरांच्या ढिगात ठेवलं. लिहिताना त्याच्या लक्षात आलं, की हे असंच पाठवलं तर उघडं राहणार. छतावर रंगाचा जुना पोपडा फुगला असेल, असं त्याने ठरवून टाकलं. नव्या कार्डावर लिहिलं: 'सात नंबरच्या छतावर पोपडे, पाय घसरण्याचा धोका. साफ केले. बंद.' मूळ कार्ड त्याने भाताच्या पानाबरोबर टाकून दिलं.

सोमवारी सकाळी तो कामाचे परवाने देणाऱ्या खोलीत उभा होता. तिगोर चुलत्याच्या अंत्यविधीसाठी तोबाला, गावी गेला होता, म्हणून परवाना घ्यायला साफ्रिझालच आला होता. काम होतं सात नंबरच्या छताचं. पोल्ताक आणि जुमादी टाकीपाशी दोर, पट्टे घेऊन तयार होते. टेबलापाशी बसलेल्या कंपनीच्या बाई, इबू हर्लिना, कार्डांचा गठ्ठा चाळत होत्या. इतक्यात साफ्रिझालचा फोन वाजला.

"बापाक, आज सात नंबर ना?" तिगोरचा आवाज. मागे ढोल, घंटा. "तिथे दोरी बांधलीत ना?"

"हो, हो, बघतो," साफ्रिझाल म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

"सात नंबरच्या छताचं एकच कार्ड आहे, तेही बंद," इबू म्हणाल्या. "ठीक आहे." त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

साफ्रिझालच्या मनात आलं, पोल्ताकला हळूच सांगावं, उत्तरेकडे जाऊ नकोस. कोणाला काही कळणार नाही. पण तिगोरने एकाच जागी पाय ठेवला होता. बाकीच्या छतावर कोणी ठेवून पाहिला होता? आणि खाली वीस हात खोल, अर्धी भरलेली तेलाची टाकी.

"इबू, सही करू नका."

"का?"

"ते कार्ड खोटं आहे. तिगोरने लिहिलं होतं, छत दबतं. मी बदललं."

इबूंनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही बदललंत?"

"हो."

"मग ही बाकीची?"

साफ्रिझालने गठ्ठ्याकडे पाहिलं. तीन रंगांची शाई. "तीही माझीच. सगळी. फेब्रुवारीपासून."

त्यांनी वरचं कार्ड उचललं. मग म्हणाल्या, "मी रोज वाचत होते हो ही. घरी नेऊनसुद्धा."



दुपारी तपासनीस आला. त्याने छताच्या कडेवर फळ्या टाकल्या, कमरेला दोर बांधला आणि आडवं पडून लांब दांड्याच्या हातोडीने छत ठोकत तो पुढे सरकू लागला. खाली अठरापैकी सतरा जण सावलीत रिकामे बसून ऐकत होते. टण, टण, टण. मग थप, गंजून पातळ झालेल्या पत्र्याचा आवाज. तो थांबला. बाजूला ठोकलं, थप. पुन्हा पलीकडे, थेट दक्षिणेच्या कडेपर्यंत. खडूने आखलेली जागा एका खोलीएवढी भरली.

जुमादी पोल्ताकला म्हणाला, "तुला सकाळी कुठून सुरुवात करायची होती?"

"दक्षिणेकडून. सावली होती ना तिथे." पोल्ताकने हातातला पट्टा जमिनीवर ठेवला.

तीन वाजता कंत्राटदाराची गाडी आली. साफ्रिझालचा फाटकाचा पास काढून घेतला गेला. कोणी ओरडलं नाही. टोळीला मात्र चार दिवस बसून राहायचं होतं, आणि पुढच्या वर्षाचं कोणीच सांगू शकत नव्हतं. दोघा-तिघांनी त्याच्याकडे पाठ फिरवली.

इबूंनी कोऱ्या कार्डांचं पाकीट पोल्ताककडे दिलं. तो पाकिटाकडे पाहत राहिला, मग साफ्रिझालपाशी आला.

"बापाक, यात लिहायचं काय?"

"जे दिसलं ते."

"तुम्ही केलंत, तेही?"

"तेही लिही," साफ्रिझाल म्हणाला. "आणि शेवटचा रकाना भरू नकोस. तो इबूंचा आहे."

पोल्ताकने मांडीवर कार्ड ठेवलं आणि पहिल्या ओळीवर साफ्रिझालचं नाव लिहिलं. साफ्रिझाल ते होईपर्यंत थांबला, मग फाटकाकडे निघाला.