पट्टी माहेरची

सलग तिसरा रविवार दीप्ती वरकुट्याला सासऱ्यांच्या गुलाबांत वाकून पट्ट्या वाचत होती. आठवडाभर बारामतीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचं आणि सुट्टीच्या दिवशी काट्यांनी हात ओरबाडून घ्यायचे, हे तिच्या नशिबी कुणी लिहिलं होतं कोण जाणे. झाडं त्रेसष्ट. प्रत्येकाच्या बुंध्याला पत्र्याची पट्टी, तीवर खिळ्याने कोरलेलं नाव. सगळा गाव त्या पट्ट्यांवर नांदत होता. फक्त जी हवी होती, ती 'जयवंता' कुठेच नव्हती. जयवंता हे खरं तर सासूबाईंचं नाव, आणि त्या आत चहा टाकत होत्या.

सासरे म्हणजे हिंदुराव, घरचे तात्या. ऊस सांभाळून नऊ वर्षं खपून त्यांनी एक नवा गुलाब तयार केला होता, केशरी, पाकळीला लाल कड असलेला. नातीच्या नावावरून त्याचं नाव ओवी. पुण्यातलं गुलाबवाल्यांचं एक मंडळ तो तात्यांच्या नावावर नोंदवून घ्यायला तयार होतं. अट एकच. त्याच्या आई-बाप झाडांची नावं आणि पट्टीसकट फोटो सोमवारपर्यंत पाठवायचे. नाहीतर नोंद होणार 'सापडलेलं झाड' अशी.

हा शब्द ऐकल्यापासून तात्यांना अन्न गोड लागत नव्हतं. "नऊ वरीस बी रुजवतोय मी. सापडलेलं म्हंजी काय? रस्त्यावर पडलं हुतं का?"

त्यांचं दुःख खरं होतं, म्हणून तर दीप्ती येत होती. पण माणसाने वही तरी धड लिहावी. तात्यांची वही म्हणजे लग्नपत्रिकांचा गठ्ठा. 'वर सोपान, वधू जयवंता, चार डिसेंबर, सकाळी आठ.' ज्याचा पराग घेतला तो वर, जिच्यावर बी धरलं ती वधू. सोपान विहिरीजवळ सापडला. वधूचा पत्ता नव्हता. त्यात तीन आठवड्यांपूर्वी तात्यांनी सगळी बाग छाटून ठेवलेली, म्हणजे फुलावरून ओळखायचीही सोय नाही.

"मेली असेल का हो, तात्या?"

"छ्या. माझ्या बागंत झाड मरत न्हाय."

"मग कुठे आहे?"

"हाय की हितंच. नीट बघ."

दीप्तीने दात ओठ खाल्ले आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. ती एक्केचाळिसाव्या झाडाशी पोचली तेव्हा तात्यांनी हाक मारली, "राजनंदिनी, ऊन लागंल, सावलीत ये."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लग्नात ताम्हनातल्या तांदळांवर नवऱ्याने अंगठीने लिहिलेलं हे नाव, तेही तात्यांनीच सुचवलेलं. तेरा वर्षांत तात्यांशिवाय कुणीही ते वापरलं नव्हतं, आणि हजारदा सांगूनही तात्या सोडत नव्हते. ती फाडकन बोलायला वळली आणि तशीच थांबली.

"तात्या, वहीत लिहिताना वधूचं नाव बदललंत का तुम्ही?"

"मग? लगीन म्हणल्यावर बदलायचंच असतंय."

"आणि झाडावरची पट्टी?"

"ती कशाला बदलू? पट्टी माहेरची."

"मग माहेरचं नाव काय होतं?"

तात्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "ते आता कुणाच्या ध्यानात ऱ्हातंय?"

दीप्तीने वही बांधावर आपटली. या माणसापुढे हात टेकले, असं तिला मोठ्याने म्हणायचं होतं.

चहा घेऊन आलेल्या सासूबाई मागे उभ्या होत्या. "गोजर बघ," त्या म्हणाल्या. "चाफ्याच्या पल्याड, तिसरं."

पट्टी तिथे होती. गोजर. अक्षर तात्यांचं नव्हतं.

"मीच लिवली ती. डाळजहून, माहेरनं आणल्याली फांदी. हे म्हणलं नाव घाल, म्हणून माझं घातलं."

"तुमचं?"

"लग्नाच्या आधीचं."

तात्या पट्टीकडे बघत राहिले. "तुजं नाव गोजर हुतं? मला वाटलं, फुलाचंच हाय. तू आणलं म्हणून मी वहीत जयवंता ठिवलं."

"माहेरी समदी माईच म्हणायची. तुमच्या कानावर कुठनं पडणार?"

सासूबाईंच्या बोलण्यात राग नव्हता, आणि त्याचाच दीप्तीला जास्त राग आला. त्रेपन्न वर्षांचा संसार होता त्यांचा.

"फॉर्मात जयवंताच घाल," तात्या खाली बघत म्हणाले. "वहीत तसंच हाय."

"पट्टीवर आहे तेच लिहिणार, तात्या," दीप्ती म्हणाली, आणि हे ती मंडळाच्या नियमासाठी बोलत नव्हती. तिने फोटो काढला, फॉर्म गुडघ्यावर धरला आणि रिकामा रकाना भरला.

"काय लिवलंस?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, गोजर."

सासूबाईंनी कपबशी खाली ठेवली आणि पदराला हात पुसले.

"परत एकदा वाच," त्या म्हणाल्या.